सरकारी खुर्ची

तुझ्या मरणाची अधिकृत हकीगत मंगळवारी सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर आली, मेधाताई. "डॉ. मेधा यांचे अल्पशा आजाराने, शांतपणे, कुणालाही कसलाही त्रास न देता निधन झाले." खाली जोडलेले हात, पांढरी फुलं, समया. मी हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये एका लग्नाच्या खुर्च्या मांडून घेत होतो. ते वाचून, शप्पथ सांगतो, आधी मला हसू आलं. कुणालाही त्रास न देता? तू? दुबईतल्या अख्ख्या सिलिकॉन ओएसिसमध्ये जिनं एकालाही धड बसू दिलं नाही, ती तू? हसून झाल्यावर मी सामानाच्या खोलीत गेलो आणि मखमली गाद्यांच्या ढिगावर बसून रडलो. तोवर पोरांनी बाहेर खुर्च्या वाकड्या लावून ठेवल्या होत्या.

तो मजकूर अरुणदादांचा, तुझ्या मोठ्या दिरांचा. तू आजारी पडलीस तसे ते पुण्याहून आले आणि घराचा कारभार त्यांच्याकडे गेला. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या त्या वाक्यातलं एकही विशेषण खरं नव्हतं. आजार अल्प नव्हता आणि तू शांत नव्हतीस. तू रागावून गेलीस, आणि तुझा राग बरोबर होता. हे कुणीतरी लिहायला हवं. तुझा नवरा श्रीकांत लिहिणार नाही, तुझ्या मुलाला, ईशानला, मराठी लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितोय. आवडलं नाही तर दादांनी वाचू नये.

आपली ओळख लिफ्टमध्ये झाली. कुरियरवाल्यानं माझ्या नावाचा पुकारा केला आणि तू एकदम वळून बघितलंस. "अंतोन? रशियन आहात?" मी म्हटलं, "नाही हो, वसईचा." तू इतकी मोठ्यानं हसलीस की कुरियरवाला दचकला. आमच्या गावात हे नाव घरोघरी आहे आणि तुझ्या मेडिकलच्या वर्गातही होतं म्हणे. तू रशियात डॉक्टरकी शिकलीस हे तेव्हा कळलं. पाचवा मजला येईपर्यंत तू अहोजाहो सोडलं होतंस. "शनिवारी दुपारी ये. मी एक फिल्म दाखवणार आहे." मी केक घेऊन आलो. मला वाटलं, काहीतरी प्रेमाचं, बर्फाचं असेल. पडद्यावर निघाली एक कोसळलेली इमारत, आणि तिच्यासमोर उभं राहून एक म्हातारी कॅमेऱ्याला विचारत होती, की माझ्या लेकीचं जे झालं ते तुम्ही मला सांगता तसंच झालं हे मी कशावरून मानू. केक कापायचं कुणाला सुचलं नाही.

त्या फिल्म तू कुठून कुठून मिळवायचीस ते मी कधी विचारलं नाही. सगळ्या एकाच जातीच्या. रशियात झालेले दहशतवादी हल्ले, सरकारनं सांगितलेली त्यांची हकीगत, आणि त्या हकीगतीला प्रश्न विचारणारी माणसं. खाली मराठी अक्षरं येत नसत. टीव्हीशेजारी रिमोट घेऊन तू उभी राहायचीस, दोन वाक्यं ऐकायचीस, थांबवायचीस, मराठीत सांगायचीस. दीड तासाची फिल्म तीन तास चालायची. पडद्यावरचा माणूस रडला तरी तू रडका आवाज काढायची नाहीस. "रडणं तुम्हाला दिसतंय. मी शब्द सांगते," म्हणायचीस.

आणि मग खुर्ची. ती माझी देणगी, हे मी अभिमानानं सांगतो. आमच्या हॉटेलनं जुन्या बँक्वेट खुर्च्या मोडीत काढल्या, त्यातली एक मी सर्व्हिस लिफ्टनं तुझ्याकडे आणली. सोनेरी पाय, लाल मखमल, एक पाय जरा आखूड. तू तिला एकदा हलवून बघितलंस आणि म्हणालीस, "छान डुगडुगतेय. ही सरकारी खुर्ची."

नियम तुझाच. फिल्म संपली की कुणीतरी एकानं त्या खुर्चीत बसायचं आणि सरकारची बाजू मांडायची. थट्टेनं नाही, जीव लावून. अधिकृत अहवालात काय म्हटलंय ते तू आधी सांगायचीस, एक शब्द कमी न करता. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. खुर्चीतल्या माणसानं उत्तर द्यायचं, नाहीतर सरळ "मला माहीत नाही" म्हणायचं. दोन्ही चालायचं. पण दोन्हीपैकी एक तोंडातून निघेपर्यंत चहा नाही. लोक चहासाठी कसे तडफडायचे! चौथ्या मजल्यावरचे देशमुख पहिल्याच दिवशी उसळून म्हणाले, "काय उघड आहे हो, त्यांनीच घडवून आणलं असणार!" तू हातातली समोशांची थाळी तशीच मागे घेतलीस. "त्यांनी म्हणजे कुणी? काय पाहून म्हणता? बाँब ठेवणारे मारेकरी आहेत, प्रश्न विचारल्यानं त्यांचं पाप तसूभर कमी होत नाही. तुम्हाला माहीत काहीच नाही, नुसता राग आलाय. बसा खुर्चीत." बिचारे देशमुख, सरकारची बाजू मांडता मांडता घामाघूम झाले. पण पुढच्या शनिवारी सगळ्यांत आधी आले.

मी मात्र त्या खुर्चीत चांगला शोभायचो. माझा धंदाच तो आहे. आत किचनमध्ये बिर्याणी करपली, वधूपित्याचं आणि व्याह्यांचं वाजलं, केकचा वरचा मजला पडला, तरी हॉलमधल्या पाहुण्याला काही कळू द्यायचं नाही. तू म्हणायचीस, "अंतोन, तुला एखाद्या सरकारनं प्रवक्ता नेमायला हवं." मी खूश व्हायचो. तो टोमणा होता हे मला चांगलं कळत होतं, तरीही.

नाट्यगृहाची फिल्म आठवते? प्रेक्षकांना ओलीस धरलेलं, आणि त्यांना सोडवताना आत वायू सोडलेला. त्या फिल्ममधली एक डॉक्टर सांगत होती, की बेशुद्ध माणसं आमच्यासमोर आणून टाकली, पण वायू कोणता हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तू ते वाक्य मराठीत सांगितलंस आणि रिमोट खाली ठेवलास. त्या दिवशी खुर्चीत बसायची पाळी तुझी होती. तू बसलीस आणि सरकारची बाजू अशी मांडलीस की आमची तोंडं बंद झाली. आत स्फोटकं होती, वेळ नव्हता, गुप्तता नसती तर सगळेच मेले असते. मग ईशाननं, तेव्हा तो शाळेत होता, जेवणाच्या टेबलावरून मान न उचलता विचारलं, "बट आफ्टर? व्हाय नॉट टेल द डॉक्टर्स आफ्टर?" तू म्हणालीस, "मला माहीत नाही. ज्याच्या हातात पेशंट आहे त्याच्यापासून काय लपवायचं असतं, मला खरंच माहीत नाही." चहा मिळाला. तुझा मात्र तसाच निवला.

गाल्याबद्दल तू मला एकट्यालाच सांगितलंस, असं मी समजतो. गाल्या तुझी होस्टेलमधली खोलीसोबतीण. तिची मावशी स्फोटानं उडालेल्या एका इमारतीत राहायची. गाल्या रडली नाही. ती विचारत सुटली. स्फोटकं तळघरात होती, तळघराला कुलूप असायचं, त्याची किल्ली कुणाकडे होती? एवढंच. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात. सगळे तिच्याशी गोड बोलायचे, पाणी द्यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि सांगायचे, बाळ, आता रडून घे. तिला किल्लीचं उत्तर कधीच मिळालं नाही. कदाचित त्यात काही नसेलही, तू म्हणालीस, एखादा विसराळू रखवालदार असेल, इतकंच. पण कुणी तिला "आम्हाला माहीत नाही" एवढंही म्हणालं नाही. तुम्ही दोघी पुढे पांगलात. ती कुठे आहे हे तुला शेवटपर्यंत कळलं नाही. हे सांगताना तू वाटाणे सोलत होतीस आणि सालं भांड्यात, वाटाणे कचऱ्यात टाकत होतीस. मी तुला सांगितलं नाही. नंतर गुपचूप वेचून ठेवले.

आपलं मोठं भांडण फुजैराच्या रस्त्यावर झालं. पिकनिकला निघालो होतो, डोंगरातून गाडी चालली होती, श्रीकांत चालवत होता. मी म्हटलं, "ताई, सगळं सगळ्यांना कळून काय होतं? काही गोष्टी न सांगण्यात माया असते. माझा बाप गेला तेव्हा आईला आम्ही लगेच सांगितलं नाही. आधी तिला जेवायला घातलं, मग सांगितलं."

"तो एका जेवणाचा उशीर झाला, अंतोन. मी म्हणते ती गोष्ट वेगळी आहे. तुमच्या भल्यासाठी म्हणून तुमच्या आयुष्यातली खरी गोष्ट दुसऱ्याच्या खिशात राहते, त्याबद्दल बोलतेय मी."

"आणि ती गोष्ट माणसाला मोडणारी असेल तर?"

"मोडू देत ना! माझं आहे, मी मोडेन."

श्रीकांत म्हणाला, "खलास! दोघंही गप्प बसा, समोर समुद्र आलाय." आलाच होता. तेलाची जहाजं रांग लावून उभी होती. तू गाडीतून उतरलीस ती तडक पाण्यात गेलीस, चपला हातात घेऊन, आणि भांडण तिथेच राहिलं. ते पुरं करायचं ठरलं होतं आपलं. मी माझे मुद्देही काढून ठेवले होते. आता सांगतो, त्यातले निम्मे मला अजून पटतात. आईला जेवायला घातलं ते बरोबरच केलं आम्ही. तू समोर असतीस तर या वाक्यावर भांडली असतीस, आणि मला ते हवं होतं.

मग तू आजारी पडलीस. गणपतीच्या सुमाराला पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली, आणि घरातून अधिकृत बातम्या यायला लागल्या. प्रगती आहे. रिस्पॉन्स चांगला आहे. इन्शाल्ला दिवाळीला घरी. दुसऱ्या स्कॅनमध्ये काय दिसलं ते डॉक्टरांनी श्रीकांतला बाहेर कॉरिडॉरमध्ये सांगितलं, आणि श्रीकांतनं त्यांना हात जोडून विनवलं, की तिला इतक्यात कळू देऊ नका. आपल्यात असंच करतात. घराघरात केलंय. पेशंटला सोडून सगळ्या खानदानाला माहीत असतं, आणि पेशंटसमोर सगळे सफरचंद कापत बसतात. मला ते तेव्हा कुणी सांगितलं नाही, पण सफरचंदं फार कापली जात होती. आणि हे केलं कुणाबरोबर, तर तुझ्याबरोबर. आपले रिपोर्ट बघू द्या म्हटलं की घरचे विषय बदलतात याचा अर्थ काय, हे ज्या डॉक्टरला आपल्या पेशंटांच्या बाबतीत शंभरदा पाहून माहीत, तिच्याबरोबर.

एका दुपारी मी भेटायला आलो तेव्हा श्रीकांत तुझ्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला होता. निळी, प्लॅस्टिकची, हॉस्पिटलची. तुझा आवाज बारीक झाला होता, पण डोळे तेच. तू म्हणालीस, "बरं झालं अंतोन आलास. साक्षीदार हवा होता. श्रीकांत, ही आजपासून सरकारी खुर्ची. सांग, माझ्या दुसऱ्या स्कॅनमध्ये काय आहे?"

श्रीकांत म्हणाला, "अगं, डॉक्टर म्हणतात प्रगती आहे."

"कोणते डॉक्टर? कधी म्हणाले? मी डॉक्टर आहे, मला का नाही म्हणाले?"

तो उठला. पाणी आणतो म्हणून गेला. परत आला तो खिडकीला टेकून उभा राहिला. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा आलो तेव्हा तो खिडकीशी उभाच असायचा, भेटीचा पूर्ण वेळ. अरुणदादा म्हणायचे, "अरे बस की, पाय दुखतील." नर्स म्हणायची, "सर, प्लीज सिट." तो बसायचा नाही. त्या खोलीत मला आणि तुलाच ठाऊक होतं तो का बसत नाही. तू रोज एकदा त्या खुर्चीकडे बघायचीस, एकदा त्याच्याकडे. मला कधी इतका राग आला नव्हता त्याचा, आणि कधी इतकी दयाही आली नव्हती. तू शेवटपर्यंत विचारत होतीस. शांतपणे म्हणे!

काल तुझी शोकसभा झाली, तुझ्याच घरच्या हॉलमध्ये. मी दुपारीच गेलो, खुर्च्या मांडायला. ते माझं काम, ते दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं. सगळ्या मांडल्या आणि बघतो तर लाल खुर्ची नाही. अरुणदादा म्हणाले, "ती मोडकी ना? कचऱ्याच्या खोलीपाशी ठेवली. लोक येणार, बरं दिसत नाही." आणि मग मला बाजूला घेऊन, "अंतोन, तुम्ही बोलणार आहात ना? तिचं हळदीकुंकू, मोदकांचं वर्कशॉप, असं काही बोला. त्या रशियन फिल्म वगैरे नकोत. परक्या मुलखात राहता तुम्ही. आणि गेलेल्या माणसाबद्दल वाद कशाला?"

मी म्हटलं, "दादा, गेलेल्या माणसाचा वाद काढून घेतला तर तिचं काय उरतं? मोदक तिचे फुटायचे." मग खाली जाऊन खुर्ची वर आणली. पुसली, आणि तुझ्या फोटोसमोर ठेवली. दादा बघत राहिले. त्यांना काय सांगणार, यल्ला, चला, म्हटलं, लोक यायला लागलेत.

लोक बोलले. सदा हसतमुख. सर्वांना सांभाळून घेणारी. कधी कुणाला दुखावलं नाही. देशमुख उठले, हसतमुख म्हणायला तोंड उघडलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मला बाईंनी पहिल्या दिवशी समोसा दिला नव्हता." एवढं बोलून रडत खाली बसले. माझी पाळी आली. मी हळदीकुंकवाचं बोललो नाही. फिल्म काय होत्या, तू त्या का दाखवायचीस, खुर्चीत बसून तुझ्याच बाजूविरुद्ध तू कशी भांडायचीस, सगळं सांगितलं. आणि म्हटलं, "ग्रुपवर आलेली हकीगत मला मान्य नाही. मेधाताई शांतपणे गेली नाही. तिनं एक प्रश्न विचारला होता. तो तसाच राहिलाय."

दादांचा चेहरा लाल झाला. आणि मग भिंतीशी उभा असलेला श्रीकांत, जो काल सगळ्या वेळात कुठेही बसला नव्हता, चालत पुढे आला आणि लाल खुर्चीत बसला. ती डुगडुगली. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"विचारा," म्हणाला.

इतका तोरा मिरवून मी पुढच्या रांगेतली खुर्ची सरळ करायला लागलो. तेव्हा मागून ईशान बोलला, कॉलेजात गेल्यापासून जो तुझ्या एकाही शनिवारी थांबला नव्हता. "बाबा, व्हेन डिड यू नो?"

"दुसऱ्या स्कॅनला. नवरात्र होतं."

"शी आस्क्ड यू. व्हाय डिडन्ट यू टेल हर?"

श्रीकांतनं नेहमीचं सुरू केलं. "डॉक्टर म्हणाले होते की..." आणि थांबला. तुझ्या फोटोकडे बघितलं. "नाही. डॉक्टर नाही म्हणाले. मी म्हणालो. मला वाटलं, तिच्यासाठी करतोय. तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी..." "मला माहीत नाही."

एवढंच. एवढंसुद्धा तुझ्या गाल्याला मिळालं नव्हतं, ताई, आणि तुलाही मिळालं नाही, आणि ते तू असताना मिळायला हवं होतं, याचा राग माझ्या मनातून जाणार नाही. जाऊ देणारही नाही. पण त्या हॉलमध्ये, तुझ्या खुर्चीतून, ते निघालं. ईशान उभा राहिला. बापाजवळ गेला, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, आणि किचनकडे जाता जाता म्हणाला, चक्क मराठीत, "मी चहा टाकतो."

साखर फार घातली होती त्यानं. अरुणदादा म्हणाले, "वा, छान झालाय." मी ईशानला सांगितलं, साखर फार झालीय.